सुभेदार आणि तीस सेकंदांचा नियम

तीन सुशिक्षित माणसांना त्यांच्याच घराबाहेर काढायला एका कुत्र्याला अठरा दिवस लागले. त्यासाठी लागणारी पद्धत मी स्वतः तयार केली होती, टाइप केली होती आणि फ्रिजवर चिकटवली होती.

कुत्र्याचं नाव सुभेदार. हे नाव बाबांनी त्याची उंची पाहून ठेवलं. स्वभाव त्यानंतर कळला. कुकरची पहिली शिट्टी झाली आणि सुभेदार वॉशिंग मशीनमागे गेला. (पुरानंतर आम्ही ते विटांवर चढवलेलं आहे, त्यामुळे त्याची सोय आयतीच झाली.) पनवेलच्या पुढच्या एका निवाऱ्यातून मी त्याला आणलं होतं. महिनाभरात जमलं नाही तर परत आणून देण्याची सवलत होती, आणि आधीच्या दोन घरांनी ती वापरलेली होती. फॉर्मवर कारणाच्या रकान्यात दोन्ही वेळा एकच शब्द होता: चावतो.

तो चावत नसे, तो खेळे. बाबांच्या जुन्या पंच्याला गाठ मारून मी त्याचं खेळणं केलं होतं. ते ओढण्यात त्याला परमानंद होई. मात्र पंचा कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात आईच्या मनगटावर दोन दात उमटले आणि हिरवी बांगडी वाढली. (आमच्याकडे बांगडी फुटत नाही.)

"महिना संपेपर्यंत सुधारला तर राहील," आई हळद लावता लावता म्हणाली. "नाहीतर तू स्वतः नेऊन सोडायचास. मला सांगायचं नाही."

मी महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर नमुने तपासून ते पास की नापास हे ठरवणं हा माझा व्यवसाय आहे. असल्या माणसाला कुत्रा म्हणजे काय अवघड? मी नियम केला. दात त्वचेला लागला की कोऱ्या आवाजात "संपलं" म्हणायचं, खोलीबाहेर जायचं, तीस सेकंद थांबून परत यायचं. खेळगडी निघून जातो हीच शिक्षा. शिवाय तारीख, वेळ आणि कुणाला दात लागला, अशा रकान्यांची वही. "त्याआधी काय घडलं" असाही एक रकाना आखला होता, पण त्यात वेळ जाईल म्हणून तो रिकामा ठेवला.

बाबा निवृत्त शिक्षक, त्यामुळे नियम पाळण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. आई कुरकुरत का होईना पाळी. आणि दुसऱ्या आठवड्यात सुभेदाराच्या दातांचा जोर खरोखर कमी झाला. वळ नाही, ओरखडा नाही. नुसता ओला स्पर्श. मी ऑफिसात पेढे वाटायच्या बेतात होते. फक्त नोंदींची संख्या वाढत होती. बाबांनी वर्तमानपत्र उघडलं की दात. आईने केरसुणी उचलली की दात. मी नखं कापायचं यंत्र घेऊन आत आले की दात.

"अंमलबजावणीत सातत्य नाही," मी जेवताना सुनावलं.

"सातत्य?" बाबा म्हणाले. "आज मी अकरा वेळा अंगणात जाऊन आलोय. शेजारी विचारत होते, पोटाचं काही आहे का म्हणून."

अठराव्या दिवशी कामावरून आले, तर बाबा बाहेरच्या ओट्यावर चहाचा कप घेऊन बसलेले, शेजारी आई मेथी निवडत होती. आत, पंख्याखाली, बाबांच्या खुर्चीत सुभेदार झोपला होता.

"आत का नाही बसत?"

"आमचे तीस सेकंद चालू आहेत," बाबा म्हणाले.

"कधीपासून?"

"चार वाजल्यापासून," आई म्हणाली. "आत गेलं की पुन्हा सुरू होतात."

महिना संपायला बारा दिवस होते. वहीतला आलेख चढत होता, आणि आईने निवाऱ्याचा फॉर्म शोधून फ्रिजवर, माझ्या नियमांच्या बरोबर खाली लावला होता. त्या रात्री मी नियमाची सुधारित आवृत्ती काढली. तीस सेकंदांऐवजी साठ.

दुसऱ्या दिवशी कुडपण गावाहून बाबांची मोठी बहीण आली. आत्याला महाडच्या डॉक्टरांना गुडघे दाखवायचे होते. नाचणीच्या पिठाची पिशवी स्वयंपाकघरात पोचवून ती हॉलमध्ये भिंतीला टेकून, पाय पसरून खाली बसली. सुभेदार लांबून वास घेत आला, पंचा आणून तिच्यापुढे टाकला. तिने एक टोक धरलं. दोन झटके झाले, तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी वाजली, आणि सुभेदाराने तिचं मनगट अलगद तोंडात धरलं.

"आत्या, 'संपलं' म्हण आणि उठून बाहेर जा," मी म्हणाले.

"काय संपलं?"

"खेळ."

"आत्ताशी तर सुरू झाला गो. आणि उठू कशी? मला उठवायला दोन माणसं लागतात."

"मी आणि मीनल, दोघं उचलतो तुला," बाबा पुढे झाले.

"गप बस रे सुऱ्या." (सुऱ्या म्हणजे आमचे निवृत्त शिक्षक, मीनल म्हणजे मी.)

तिने हात ओढला नाही, आवळला नाही. तो नुसता सैल सोडला. "हळू रे बाबा," ती सुभेदाराला म्हणाली. "जीव हाय त्यात."

सुभेदार थांबला. त्याने वर पाहिलं. दात लावल्यावरही जागेवर राहिलेलं माणूस तो बहुधा पहिल्यांदाच बघत होता. थोड्या वेळाने त्याने मनगट सोडलं, जणू दुसऱ्याची वस्तू चुकून उचलली होती. आत्याने पंच्याचं टोक पुन्हा त्याच्यापुढे धरलं.

"तुमी काय करता असं झाल्यावर?" तिने विचारलं.

"खोलीबाहेर जातो," मी म्हणाले. "त्याला कळावं म्हणून."

"मग कळलं की त्याला. बैल शिट्टीला बुजला नि तू कासरा टाकून पळालीस, तर बैल काय शिकेल? बुजलं की माणूस जातो, येवढंच. ह्याला भ्या वाटलं, तुमी गेलात, बरं वाटलं. उद्या परत तेच करनार. कुत्र्यात काय खोट नाय."

मी वही उघडली आणि रिकाम्या रकान्याकडे बघत बसले. मग आठवून आठवून तो भरला. वर्तमानपत्राचा फडफडाट. केरसुणी. शिट्टी. यंत्र. माझी शिक्षा हे त्याचं बक्षीस होतं. घाबरलेल्या जिवाला माणसं हटवण्याचा सौम्यात सौम्य मार्ग मी त्याला इतके दिवस शिकवला होता, आणि तो वर्गात पहिला आला होता.

आधीच्या दोन घरांत त्याने दात लावले तेव्हा ती माणसं कायमची गेली. आमची दर खेपेला परत येत. कदाचित तो हेही तपासत असेल. हे सिद्ध करता येणार नाही, म्हणून वहीत लिहिलं नाही.

उरलेले दिवस डॉक्टरांनी सांगितलेल्या शेकासाठी आत्या राहिली आणि तिच्या गुडघ्यांच्या आधारावर आमचं शास्त्र उभं राहिलं. खेळायचं ते खाली बसून. दात लागला तर हात सैल सोडायचा, तो आपण होऊन सोडेपर्यंत थांबायचं. केरसुणी काढण्याआधी त्याला आतल्या खोलीत जाऊ द्यायचं. डोळे भिरभिरायला लागले की पंचा आपणच खाली ठेवायचा, म्हणजे त्याला दातांनी सांगावं लागत नाही.

तिसाव्या दिवशी आई जमिनीवर बसली, दोन्ही हातांत नव्या बांगड्या घालून. पंच्याचं टोक तिने आखूड धरलं होतं. मुद्दामच. सुभेदार ओढत ओढत वर सरकला, त्याचं नाक बांगड्यांना लागलं, काच किणकिणली. तो थबकला. मग एक पाऊल मागे जाऊन त्याने पंचा लांबून धरला.

आईने फ्रिजवरून फॉर्म काढला, जमिनीवर पसरला आणि त्यावर लसूण सोलायला घेतला.

परवा आत्याचा कुडपणहून फोन आला. तिचा आवाज इतका मोठा की बाबांच्या कानाला लावलेला फोन मला सोफ्यावर ऐकू येत होता.

"कुत्रा कसा हाय?"

"शिकला," बाबा म्हणाले.

"तो शिकणारच, गुणी हाय. पोरीला वेळ लागेल. तिच्यावर रागवू नको, ती पण भित्री हाय, म्हणून सारखी लिवते."

वही समोरच उघडी होती, आणि नोंदी आत्याच्या बाजूने होत्या.