टेकडीच्या फुकट खेपा

दुष्काळ सरल्यानंतरच्या पावसाळ्यात आमच्या गावाला एकाएकी झाडांचा कळवळा आला. आष्ट्याच्या वाटेवरची उघडीबोडकी टेकडी हिरवी करायचं ठरलं. टेकडी गावापासून तीन मैल आणि रस्ता सगळा चिखलाचा. म्हाताऱ्यांनी, बायकांनी जायचं कसं, यावर देवळात तासभर खल झाला. शेवटी मी म्हणालो, "माझी जीप हाय की. फुकट नेतो, फुकट आणतो."

लोकांना वाटलं, केवढं मोठं मन! मन कसलं आलंय! आदल्या हिवाळ्यात माझी बायको मिरजेच्या दवाखान्यात वारली. मी फौजेत असताना पंधरा वर्षं तिनं वाट पाहिली. मी घरी आलो, लष्कराच्या लिलावातली ही जीप घेतली आणि वर्षाच्या आत तीच निघून गेली. मूलबाळ नव्हतं. तिच्या नावानं एक करंज लावावा, असं मला फार वाटत होतं. पण आमच्याकडं शुभकार्य म्हटलं की ते जोडीनं करायचं. दवंडीच तशी फिरली होती : घरटी एक रोप, नवराबायकोनं मिळून लावायचं, हळदकुंकू वाहून, नारळ फोडून. त्या गर्दीत एकट्यानं हात पुढं करायचा मला धीर नव्हता. ड्रायव्हरला मात्र कुणी जोडी विचारत नाही, म्हणून मी स्टिअरिंग धरलं.

दिवसभर खेपा केल्या. एकेका खेपेला चौदा-पंधरा माणसं, वर रोपं, घमेली, टिकाव. मी नायकाच्या साध्या हुद्द्यावरून निवृत्त होऊन घरी आलो होतो, पण गावाच्या लेखी फौजेतला प्रत्येक जण मेजर. "मेजर, दमानं घ्या, पूजेचं ताट सांडंल!" एवढंच काय ते माझ्याशी बोलणं. जेवणाच्या वेळी टेकडीवरच्यांना वाटलं मी गावात जेवलो, गावातल्यांना वाटलं टेकडीवर. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तो मीच. राग आला, पण कुणावर काढणार?

परतीच्या शेवटच्या खेपेला आमच्या आळीतली एक म्हातारी पुढच्या सीटवर बसली. तिचा नवरा कधीच गेलेला, लेक परगावी. ती सकाळीच टेकडीवर नुसती बघायला आली होती. वाटेत म्हणाली, "मेजर, तुमचं झाड कुठलं वो?"

मी बेधडक ठोकून दिलं, "ते काय, वाटंकडंचं. सकाळच्या खेपंत लावलं, हिच्या नावानं."

"बरं केलंसा," ती म्हणाली.

उन्हाळा लागला तशी म्हातारी हंडा घेऊन दारात उभी. "टेकडीवर न्ह्या मला. त्या झाडाला पाणी घालाया पायजे." नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? मग दर बाजारच्या दिवशी मी तिला न्यायचो. ती हंड्यातलं पाणी तांब्यातांब्यानं बुडाशी सोडायची, माझ्या बायकोचं नाव घ्यायची आणि मी जीपमध्ये मान फिरवून बसायचो. कुणा जोडप्याचं झाड होतं ते, देव जाणे. मला स्वतःची लाज वाटायची.

एका बाजारी मला ते सोसेना. खाली उतरून म्हणालो, "मावशी, ते झाड माझं न्हाई. खोटं बोललो मी."

तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. "ठावं हाय. त्या दिशी तुमी गाडीतनं उतरलाच न्हाईसा. मी बघत हुते."

"मग हे पाणी?"

तिनं हंडा पालथा करून उरलेलं पाणी सोडलं आणि पदराला हात पुसले. "घरात दिसभर भित्तीच हाईत. येताजाता तेवढंच कुणाच्या तरी शेजारी बसणं हुतं."

सबंध उन्हाळा मी वाटेत तिच्याशी एक शब्द बोललो नव्हतो.