गेटबाहेरचं सूप

शेठनं माझं सूप गेटबाहेर भिरकावलं. ते पालथं पडलं आणि पोत्यांची ट्रॉली वळताना त्याच्या काठाला घासून गेली. आतल्या बाया हात थांबवून बघत होत्या. त्यांत माझी सूनही होती.

"घे तुझी लक्ष्मी," शेठ म्हणाला. "लई वर्सं केलंस म्हातारे. मशीन आलंय आता. घरी बस."

माजलगावच्या त्या दालमिलमध्ये डाळ निवडायला बाया आपापलं सूप घरून आणतात. काम आहे तोवर सूप मिलमध्येच राहतं. काम सोडलं की बाई सूप घेऊन जाते. कागद नाही, सही नाही. शेठ त्याचाच फायदा घ्यायचा. 'तुला काढलं' असं तोंडानं कधी म्हणायचा नाही, सूप बाहेर टाकायचा. सुपाला पाय लागला तरी आम्ही नमस्कार करतो. धुळीत पडलेलं सूप कोणती बाई तसंच ठेवील? उचलतेच. उचललं की शेठ म्हणायला मोकळा, तिची ती गेली.

माझ्या शेजारी बसणारी बाई आदल्या हंगामात अशीच गेली. सूप कपाळाला लावून उचललं तिनं. मग बीडच्या कामगार कार्यालयात तक्रार घेऊन गेली, मी सोबत होते. साहेबानं विचारलं, सूप तुम्हीच नेलं का? ती हो म्हणाली. खरं बोलली आणि घरी बसली.

मी सूप उचललं नाही. शेजारी फतकल मारून बसले.

दुपारी सून पाणी घेऊन आली. "आत्या, उचला की. लक्ष्मी हाय ती."

"मग बसू दे तिला माझ्यासंगं."

"लोकं हसायलेत."

"तू आत जा. हजेरी कापंल त्यो."

रोज कामाच्या वेळेला जायचे, आत सोड म्हणायचे. वॉचमन नाही म्हणाला की सुपाशेजारी बसायचे. समोरचा चहावाला विचारायचा, "मावशे, दुकान टाकलं का काय?"

"टाकलंय. गिऱ्हाईक पाठव."

संध्याकाळी हॉटेल बंद करताना तोच सुपावर गोणपाट टाकायचा.

मिलच्या सुट्टीच्या दिवशी मी बीडला जाऊन तक्रार देऊन आले. काही दिवसांनी कामगार अधिकारी आल्या, तरुण बाई.

"हिनं काम सोडलंय, मॅडम," शेठ म्हणाला.

"सोडलं असतं तर सूप घरी न्हाई का गेलं असतं?" मी म्हणाले.

मॅडमनी चहावाल्याला विचारलं, वॉचमनला विचारलं. मग शेठला सांगितलं, मशीन आलं म्हणून माणसं कमी करायची असतील तर आधी नोटीस द्या, भरपाई द्या. आणि जी सगळ्यांत शेवटी कामाला लागली, तिला आधी काढा. सगळ्यांत जुनी तर मीच होते.

शेठ माझ्याकडं बघून हसला. "सगळ्यांत शेवटी तुझी सूनच कामाला लागलीय. काढू का तिला?"

सून दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं.

"काढ," मी म्हणाले. "नोटीस दे, भरपाई दे अन् काढ. सूप फेकून न्हाई."

फुकटात काढायची सवय लागलेल्या माणसाला भरपाई जड जाते. त्यानं कोणालाच काढलं नाही. मी सूप उचललं, झटकलं आणि आत नेलं. फाटलेला काठ सुतळीनं शिवला.

सून कित्येक दिवस माझ्याशी बोलली नाही. मी काही तिची समजूत काढायला गेले नाही. जे म्हणाले ते आजही म्हणेन.

मशीन अजून चालतं. त्यातून सुटलेले खडे आम्ही निवडतो. शेजारी बसणाऱ्या त्या बाईला परत घेतलं नाही. मागच्या उन्हाळ्यात ती वारली. सून आहे, मी आहे.