तुरीच्या पोत्यावर ठेवलेला पाय

मल्लण्णावर, म्हणजे आमच्या खंडोबावर, माझा विश्वास उरला आहे की नाही, हा प्रश्न मला देवळात नव्हे, गावच्या बसथांब्यावर पडला. लहानपणीच्या पोलिओमुळे माझे पाय कॅलिपरमध्ये असतात आणि चालणे कुबड्यांवर. बसची पहिली पायरी माझ्या गुडघ्याच्या वर येते. कोणत्या गाडीची पायरी खाली आहे, कोणता चालक थांब्याला टेकवून गाडी उभी करतो, हे विचारायला मी आगारात अनेकदा खेटे घातले. "सगळ्या गाड्या सगळ्यांसाठीच आहेत," एवढेच उत्तर मिळाले. सरकारने सवलतीचा पास दिला होता. पासाने तिकीट स्वस्त होते. पायरी खाली येत नाही. हा साधा भेद कुणाला आणि किती वेळा समजावून सांगावा?

त्या सकाळी मला बीदरला पोहोचणे भागच होते. शिक्षिका म्हणून माझी निवड झाली होती आणि नेमणुकीचे गाव निवडायला त्या दिवशी हजर राहायचे होते. नाव पुकारताना जो नसेल, त्याच्या वाट्याला उरलेले गाव. उरणारी गावे कोणती असतात, हे मला ठाऊक होते : जिथे गाडी जात नाही ती. मला खटकचिंचोळी हवी होती, कारण तिथे काही गाड्या वळून परत फिरतात आणि थोडा वेळ उभ्या राहतात. मला चढायला तेवढा वेळ पुरतो. उचलून चढवणारे माझे दोन्ही भाऊ हैदराबादला बांधकामावर गेले होते. मला नाकारणारी बसच त्यांना घेऊन गेली, याचाही राग मनात होता.

गाडी आली ती थांब्याच्या पुढे जाऊन उभी राहिली. मी पोहोचेपर्यंत बाकीचे चढले होते. कंडक्टरने वरून पाहिले आणि "टाइम आयतु, टाइम आयतु," वेळ झाली, असे म्हणत घंटीच्या दोरीला हात घातला.

"मॅडम, असल्या हालतीत कामून फिरायलाव? घरी बसावं की."

मनात मी देवाला म्हटले, तुला घोडा आहे, तुला काय कळणार? इतके कडवट मी त्याच्याशी कधी बोलले नव्हते.

तेवढ्यात मागून एक प्रौढ बाई आली. कपाळावर विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, डोक्यावर तुरीचे अर्धे पोते. तिने ते पोते गाडीच्या पुढे रस्त्यात टाकले आणि त्याच्यावर बसली.

"अक्का, ऊठ. गाडी निघायलीय," कंडक्टर ओरडला.

"निघू दे की. तूच म्हणालास न्हाई, बस म्हणून? बसले."

"तुला कुठं म्हणलं? ह्या मॅडमला म्हणलं, घरी बसा म्हणून."

"मग तुझ्या घरी बसव आम्हा दोघींना. जा, बायकोला इचारून ये."

गाडीत हशा पिकला. चालकाने इंजिन बंद केले. अक्का उठली आणि तिने पोते ओढत दारापाशी आणले. रस्ता मोकळा झालेला पाहून कंडक्टरचा हात पुन्हा दोरीकडे गेला. अक्काने त्याच्यासमोर हात जोडले.

"शरणु शरणार्थी."

मी तुम्हाला शरण आहे, असे म्हणून या लिंगायत लोकांत एकमेकांना नमस्कार करतात, आणि तो परत केल्याशिवाय राहत नाहीत. कंडक्टरच्याही कपाळावर विभूती होती. त्याचे दोन्ही हात आपोआप जोडले गेले. जोडलेल्या हातांनी दोरी ओढता येत नाही.

"ठेव पाय," अक्का मला म्हणाली. धान्याला चुकून पाय लागला तरी आपण ते हाताने शिवून हात कपाळाला लावतो. मी अडले.

"ठेव गं बाई. तूर काय रडायली का?"

मी पाय ठेवला. तिने कमरेला आधार दिला, कंडक्टरने वरून हात दिला आणि मी चढले. दिव्यांगांसाठी राखीव असलेल्या, तशी कन्नड पाटी लावलेल्या जागेवर एक गृहस्थ बसले होते. मी पाटी दाखवताच ते स्वच्छ कन्नडमध्ये म्हणाले, "नंगे कन्नड बरल्ला." मला कन्नड येत नाही!

"मग मराठीत सांगायलेय," अक्का म्हणाली, "ऊठ!"

मन्नाएखेळ्ळीला ती उतरली. पोते कंडक्टरनेच खाली दिले. नाव विचारायचे राहून गेले. खिडकीतून पाहिले तेव्हा ती बाजाराच्या गर्दीत मिसळली होती. बीदरला मी सभागृहाच्या दारात पोहोचले आणि माझे नाव पुकारले गेले. मला खटकचिंचोळी मिळाली.

आई म्हणते, मल्लण्णाने बाणाईला धाडले होते. आम्ही मेंढपाळांच्या कुळातले. बाणाई, मल्लण्णाची धाकटी बायको, आमच्या घरची लेक. मी आईशी वाद घातला नाही. तुरीचा भाव विचारत बाजाराला निघालेली ती एक बाई होती, हेही मला तितकेच खरे वाटते.

शरण जाणे म्हणजे मान खाली घालून सोसणे, असे मी समजत आले होते, म्हणून त्या शब्दाची मला चीड होती. अक्का ताठ उभी राहून शरण गेली आणि तिच्यापुढे गाडी थांबली. त्या दिवशी मीही शरण गेले. कंडक्टरला नव्हे, कमरेला लागलेल्या एका अनोळखी हाताला. पायरी मात्र अजून तितकीच उंच आहे आणि माझा राग गेलेला नाही. तो जावा, असे मागणेही मी देवाकडे मागत नाही. मल्लण्णा, राग राहू दे. ज्या थांब्यावर माझ्यासारखे कुणी एकटे रागावलेले असेल, तिथे त्याच्या शेजारी एक माणूस उभे कर. कधी मलाच उभी कर.