मैल माझे, प्रवास साडूचा

साडूनं माझे एक लाख साठ हजार मैल घेतले, आणि आमच्या सगळ्या गणगोतात त्याला चोरी म्हणणारा एकही माणूस निघाला नाही. त्यानं माझी एक शेळी नेली असती तर दहा जण माझ्या बाजूनं उभे राहिले असते.

मैल म्हणजे काय ते आधी सांगतो. बँकेनं मला एक क्रेडिट कार्ड दिलं होतं. त्यावर शंभर रुपयांची खरेदी केली की चार मैल मिळत. ते एका विमान कंपनीच्या खात्यात जमा करायचे आणि पुरेसे झाले की त्यावर तिकीट घ्यायचं. तहसील कार्यालयातल्या कारकुनाच्या घरखर्चावर एवढे मैल जमायला जन्म गेला असता, म्हणून मी दुसऱ्यांच्या खरेदीला जायचो. आदिलाबादच्या बाजारात ओळखीतलं कोणी फ्रिज घेवो, शिलाई मशीन घेवो, ट्रॅक्टरचे टायर घेवो, मी सोबत. दुकानात कार्ड माझं चाले, रोख रक्कम तो माणूस माझ्या हातात देई, आणि दुसऱ्या दिवशी मी ती बँकेत भरी. शहराबाहेर मावला गावात बांधलेल्या आमच्या घराचं लोखंड, सिमेंट, लेकीच्या कॉलेजची फी, सगळं त्याच कार्डावर. नऊ वर्षांत एकदाही तारीख चुकवली नाही. एक लाख एकाहत्तर हजार चारशे मैल झाले.

लोक हसायचे. बायकोचा भाऊ तामसीला शेती करतो. तो एकदा भर पंगतीत म्हणाला, "काऊन हो भाऊजी, तुमच्या त्या मैलावर तामसीची बस तरी येते का?"

सगळ्यात मोठ्यानं हसला तो हैदराबादचा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मूळचा इचोड्याचा, आता सॉफ्टवेअरमध्ये आहे. विमान कंपनीचं खातं मात्र त्यानंच उघडून दिलं होतं, कारण तेव्हा माझ्याकडे ई-मेल नव्हता. खात्यात ई-मेल त्याचा होता, मोबाइल नंबर माझा आणि नाव माझं.

लेक लग्नानंतर जर्मनीला गेली. गेल्या हिवाळ्यात तिनं सांगितलं की मे महिन्यात बाळ होणार. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आपली रीत. पण तिच्या डॉक्टरांनी विमानाला मनाई केली, तेव्हा बायकोनं ठरवलं की माहेरानंच तिकडं जायचं. व्हिसा मिळाले, मी रजा टाकली. राहिलं तिकीट. एका तिकिटाचे पैसे मी कर्मचारी सोसायटीतून काढले असते. दोघांचे झेपत नव्हते, घराचा हप्ता अजून चालू आहे. आणि बायको एकटी जायला तयार नव्हती, कारण वाटेत आखातात विमान बदलायचं होतं.

"मी नागपूरच्या टेसनावर चुकते," ती म्हणाली, "अन् तुमी मले समुद्रापल्याड एकटी धाडता?"

म्हणजे जायचं तर दोघांनी, आणि तेही मैलांवरच. जाऊन येऊन माणशी ऐंशी हजार मैल लागत होते. माझं खातं असलेल्या कंपनीचं विमान लेकीच्या गावाला जात नाही, पण तिच्याशी करार असलेल्या पार्टनर कंपनीचं जातं. पार्टनरच्या विमानातही माझे मैल चालतात. अडचण एवढीच, की मैलवाल्यांसाठी ते प्रत्येक फेरीत दोन-चार जागाच ठेवतात, आणि त्या सहज दिसत नाहीत.

साडूचा आपणहून फोन आला. "जयभीम साडूभाऊ. ते काम तुमच्यानं होत नाई. पार्टनरच्या सीटा लपलेल्या असतात, मी शोधून देतो. तुमच्या मोबाइलवर एक नंबर येईल, तेवढा सांगा फक्त."

नंबर आला, मी सांगितला. अर्ध्या तासानं तो म्हणाला, पहिला चालला नाही, दुसरा सांगा. मी दुसराही सांगितला. आठ दिवसांनी त्याचा निरोप आला, "एकबी सीट नाई. मे महिन्यात गोरे लोक आधीच घेऊन टाकतात."

मी विश्वास ठेवला. बायकोनं लेकीच्या लाडवांसाठी आणलेला डिंक डब्यात घालून वरच्या फळीवर ठेवून दिला. लेकीला फोनवर तिनंच सांगितलं. लेक म्हणाली, "राहू दे आई, इथं नर्स येतात घरी," आणि फोन ठेवला. आमच्या लेकीला फोन लवकर ठेवायची सवय नाही.

मार्चमध्ये तामसीला मेव्हण्याच्या मुलाचं साक्षगंध होतं. बायकांमध्ये बसून माझी साळी, म्हणजे साडूची बायको, माझ्या बायकोला सांगत होती, "आमी दोघं मे महिन्यात पॅरिसले चाललो, ताई. यांनी पॉइंटावर काढली तिकिटं. फुकट!" मी शेजारीच पाण्याचे ग्लास भरत होतो. साडूनं माझ्याकडे बघितलं, चहाचा कप उचलला आणि बाहेर मांडवात जाऊन उभा राहिला. त्यावरूनच मला कळलं. घरी येऊन खातं उघडलं. अकरा हजार चारशे मैल शिल्लक होते. एक लाख एकाहत्तर हजार चारशेतून तेवढे वजा केले की बरोबर एक लाख साठ हजार उरतात. दोन माणसांचं जाणं-येणं. तो दुसरा नंबर त्यासाठी होता.

मी फोन लावला. त्यानं नाकारलंसुद्धा नाही.

"साडूभाऊ, एवढं काय त्यात? हवेतले आकडे ते. उसने घेतले समजा. दोन वर्षांत भरून देतो."

"बाळंतपण दोन वर्षं थांबते का?"

"अहो, जर्मनीचे दवाखाने म्हणजे राजेशाही काम. तुमी तिथं जाऊन काय करान? उगाच थंडीत कुडकुडान."

मेव्हण्याकडे गेलो. तो घरातला मोठा आहे, त्याचा शब्द साडू ऐकतो. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाला, "पॉइंटासाठी नातं तोडता का भाऊजी? एक पॉइंट हातात धरून दाखवा बरं." ओसरीवर बसलेले सगळे हसले. मी उठलो आणि बसनं आदिलाबादला परत आलो. त्या बसमध्येच मी ठरवलं की हा माणूस पॅरिसला जाणार नाही.

तहसील कार्यालयात माझी सत्तावीस वर्षं झाली. जमिनीच्या कामात दोन गोष्टी वेगळ्या असतात, कब्जा आणि पट्टा. शेतात नांगर कोण घालतो, कापूस कोण वेचून नेतो, हा कब्जा. कागदावर नाव कोणाचं, हा पट्टा. कब्जावाला नेहमी मोठ्यानं बोलतो, कारण कागद त्याच्याकडे नसतो. साडूला वाटलं, तिकिटावर त्याचं नाव छापलं म्हणजे तिकीट त्याचं झालं. तिकिटाचा कब्जा त्याचा होता. पण तिकीट ज्या खात्यातून निघालं त्याचा पट्टा माझ्या नावावर होता. नियमांची पानं मी दोनदा वाचली. मैलांवर काढलेलं तिकीट खातेदाराला रद्द करता येतं, आणि माणशी तीन हजार कापून बाकी मैल खात्यात परत येतात.

पहिलं काम केलं ते खात्यातला ई-मेल बदलण्याचं. नंबर माझ्या मोबाइलवर येतो, तो या वेळी मी कोणाला सांगितला नाही. मग कार्यालयात जाण्याआधी रोज सकाळी पार्टनर कंपनीची विमानं बघायला लागलो. अकरा दिवस बघितली. कोणत्या वाराला जागा सुटतात, हैदराबादहून निघालं तर आखातात किती वेळ मिळतो, सगळं कागदावर लिहून काढलं. तीन मे आणि पाच मे, या दोन तारखांना जागा दिसत होत्या. साडूचं विमान अकरा तारखेचं होतं. लेकीची तारीख बारा.

रविवारी सकाळी मदत केंद्राला फोन केला. एका बाईंनी उचलला.

"सर, मई में पार्टनर का कुछ नहीं दिख रहा."

"मॅडम, तुम फ्लाइट नंबर डाले बगैर बोल दिए. मैं भी दफ्तर में बैठता. नंबर बोलता, लिखो."

त्या हसल्या. नंबर घातला. "हां सर, दो सीट हैं. पर आपके खाते में माइल्स कम हैं."

"दो टिकट कैन्सल करो, पूरे हो जाते."

"ये तो दूसरे पॅसेंजर के नाम पे हैं. उनको बताया आपने?"

"खाता किसका है?"

"आपका, सर."

"तो करो."

त्यांनी केलं. खरं सांगायचं तर कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

पण मैल परत यायला वेळ लागणार होता, आणि तोवर पार्टनरच्या जागा धरून ठेवता येत नाहीत असं त्या म्हणाल्या. म्हणजे त्याची तिकिटं गेली होती आणि माझी झाली नव्हती. मी फोन हातात धरून खातं पुन्हा पुन्हा उघडत बसलो. दोन तासांनी एक लाख पासष्ट हजार चारशे दिसले. फोन लावला तर या वेळी दुसराच माणूस. त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तीन मेच्या जागा तोवर गेल्या होत्या. मी पाच मेचा नंबर वाचला. पलीकडून नुसती बटणांची खटखट येत राहिली. मग म्हणाला, "दो हैं सर, नाम बताइए." बायकोचं नाव मी पासपोर्ट समोर धरून सांगितलं.

कराची रक्कम साडूनं त्याच्या कार्डावरून भरली होती. ती त्याच्याच कार्डावर परत गेली. त्याचा एक रुपया मी घेतला नाही. ई-मेल बदलल्याची सूचनाही त्याच्या जुन्या पत्त्यावर गेली असणार. कळायचं असतं तर या दोन गोष्टी पुरे होत्या. पण दुसऱ्याचे मैल उचलणारा माणूस स्वतःच्या कार्डाचा कागद कशाला वाचतो?

जेवताना बायकोला सगळं सांगितलं.

"माही बहीण इमानतळावरून वापस येईल?"

"येईल."

"तिले सांगा."

"तू सांग. मी अडवत नाही."

ती ताट उचलून आत गेली. त्यानंतर तिच्या बहिणीचा दिवसाआड फोन येई. पॅरिसला स्वेटर किती घेऊ, चिवडा नेऊ देतात का, साडी नेसू का ड्रेस घालू. बायको फोन कानाला लावून चुलीजवळ उभी राही. मी दुसऱ्या खोलीतून ऐकायचो, आज सांगते का उद्या. एक दिवस ती म्हणाली, "स्वेटर दोन घे. थंडी असते म्हणतात तिकडं." फोन ठेवला, स्टुलावर चढली आणि फळीवरून डिंकाचा डबा खाली काढला.

पाच तारखेला निघालो. आखातातल्या त्या विमानतळावर बायकोनं माझ्या शर्टाची बाही शेवटपर्यंत सोडली नाही. सहा तारखेला लेकीच्या दारात होतो. तिनं दार उघडलं, आईकडे बघितलं आणि उंबऱ्यातच रडायला लागली. नऊ तारखेला तिला मुलगी झाली. बायको आत तिच्याजवळ होती. तिथं नर्स खरंच चांगल्या होत्या. पण कळा येताना लेकीनं हात धरला तो आईचा.

अकरा तारखेला आम्ही बाळाला घेऊन घरी होतो. बायको खाली बसून, पाय पसरून, पोरीला पायांवर घेऊन तेल लावत होती. माझा फोन वाजला. साडू होता, मागं विमानतळाचा गलका.

"साडूभाऊ, इथं म्हणतात तिकीटच नाई! खातेदारानं रद्द केलं म्हणतात!"

"हो. मीच केलं."

"काऊन?"

"माझे होते म्हणून."

"आमचं हॉटेल भरलं, सुट्टी काढली, लोकाइले सांगून बसलो! तोंड कसं दाखवू मी?"

"ते तुमी पाहा. मी फक्त माझं वापस घेतलं."

तो शिव्या द्यायला लागला. मी ऐकून घेतल्या, मला त्या आवडत होत्या. मग साळीनं त्याच्या हातातून फोन ओढला. ती रडत होती, ताईला द्या म्हणत होती. बायकोचे हात तेलानं माखलेले, म्हणून मी फोन तिच्या कानाशी धरला. तिनं बहिणीचं सगळं ऐकलं.

"रडू नको," शेवटी ती म्हणाली. "घरी जाय अन् दोन घास खाय. माह्या लेकीले टाके पडले, मी तिच्यापाशी आहो. दोन महिने मले फोन करू नको." आणि हनुवटीनं मला खूण केली, की फोन काढ. मग पोरीला पालथी करून तिच्या पाठीला तेल लावू लागली.

लेक पलंगावरून म्हणाली, "कोण होतं आई?"

"मावशी. पोरगी कोनावर गेली म्हणून विचारून राह्यली होती."

आम्ही परत आल्यापासून तामसीहून बोलावणं आलेलं नाही. मेव्हण्याच्या मुलाचं लग्न झालं, ते आम्हाला इतरांकडून कळलं. बायकोला ते लागतं. तामसीची बस दिसली की ती मान फिरवते, हे मी बघितलेलं आहे. त्याचं मला वाईट वाटतं. साडूचं वाटत नाही. तिकिटं रद्द केल्यापासून त्याच्या विमानाच्या दिवसापर्यंत अठ्ठेचाळीस दिवस होते. त्यातल्या एका दिवशी जरी त्यानं फोन करून 'चुकलो' म्हटलं असतं, तर मी त्याला खरं सांगितलं असतं आणि तो दुसरी सोय करू शकला असता. अठ्ठेचाळीस दिवस मी वाट बघितली. त्याचा फोन आला तो विमानतळावरून.