गाण्याखालचा हुंऽऽ आवाज

अक्षर वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घ कुठेही चुकेल, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. ही वही कोणाला दाखवायची नाही, तरी चुकून कुणाच्या हाती लागली तर हसू नये. मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

रहाटणीत आमच्या दोन खोल्या आहेत. मी चाकणला एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर काम करते. हे वीस-बावीस वर्षं प्रेस शॉपला होते. पत्रा दाबणाऱ्या मशिनींनी यांचा डावा कान जवळजवळ नेला. त्यामुळे यांना गाणं मोठं नको असतं, स्वच्छ पाहिजे असतं. चिंचवडचे एक आजोबा कायमचे मुलीकडे राहायला निघाले होते. त्यांचा ॲम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर यांनी बावीस हजारांना घेतले. त्यातले अठरा हजार माझ्या नणंदेच्या यजमानांनी दिले, हळूहळू फेडा म्हणाले. त्यांना आम्ही दाजी म्हणतो. ते सोसायट्यांमध्ये वायरमनचं काम करतात.

गाणी होती आमच्या मुलीच्या कॉम्प्युटरमध्ये. कॉम्प्युटर खिडकीच्या भिंतीला, ॲम्प्लिफायर समोरच्या भिंतीला, आणि मध्ये लाल-पांढऱ्या टोकांची लांब वायर. पहिलं गाणं लावलं. बासरी सुरू झाली आणि तिच्याखाली हुंऽऽ असा आवाज, लांब कुठे पिठाची गिरणी चालू असावी तसा. गाणं थांबवलं तरी तो चालूच.

हे दोन दिवस मुकाट ऐकत राहिले. तिसऱ्या दिवशी मुलगी कॉलेजला गेल्यावर हळूच म्हणाले, "तुला पण ऐकू येतंय का गं? का माझा उजवापण गेला?"

"येतंय की. पहिल्या दिवसापासून येतंय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं आणलंय."

त्या दिवशी हे नीट जेवले.

गुरुवारी सुट्टीला दाजी आले. त्यांनी ॲम्प्लिफायरची तीन पिनांची वायर हातात घेतली आणि पकडीने अर्थिंगची जाड पिन उपटून टाकली. "बघा आता!" खरंच आवाज गेला. सगळीकडे असंच करतो म्हणाले.

दोन दिवसांनी मी पुसापुशी करताना ती लाल-पांढरी वायर काढून बाजूला ठेवली, आणि ओल्या फडक्याने ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला हात लावला. कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. यांनी दाजींना फोन लावला.

"थोडंफार येतंच हो. वहिनींना म्हणा, चप्पल घालून पुसा."

मागून नणंद ओरडली, "आता गाणं ऐकायला चपला घालायच्या व्हय?"

दाजी म्हणाले, "मग पिन बसवतो परत आणि हुं ऐका. दोन्ही नाही मिळायचं, राव."

यांचं मन उडालं. जुना माल घेणाऱ्याशी बोलून आले. तो नऊ हजार देत होता. म्हणाले, "नऊ तर नऊ. दाजींचे अर्धे तरी जातील. आपल्या नशिबात नाही." पुढच्या गुरुवारी संध्याकाळी तो घेऊन जाणार होता.

त्या आठवड्यात मी लाइनवर काळ्या वायरी एका रिंगेत दाबत होते. काळी वायर म्हणजे अर्थिंगची. नवीन असताना मी यातल्या दोन वायरी चुकून दुसऱ्याच रिंगेत दाबल्या होत्या. सगळा माल परत आला. गाडी चालू केली की स्पीकरमधून कूं कूं यायचं. लाइन सांभाळणाऱ्या पोरीने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "मावशी, काळ्या सगळ्या एकाच जागी. दोन जागी गेल्या की त्यांच्यातच करंट फिरतो, आणि तो स्पीकरला ऐकू येतो." मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. तेच वाक्य आता आठवलं, आणि आमची खोली डोळ्यांसमोर आली. दोन भिंती, दोन बोर्ड, म्हणजे अर्थिंग दोन जागी, आणि मधोमध वायर.

घरी जाऊन ती लाल-पांढरी वायर ॲम्प्लिफायरच्या मागून काढून बघितली. पण पिन उपटल्यामुळे हुंऽऽ आधीच बंद होता, म्हणून तसं काही कळेना. मग दाजींचीच वाट बघितली.

गुरुवारी सकाळी ते नणंदेला घेऊन आले. मी म्हटलं, "दाजी, नवीन तीन पिनांचा टॉप बसवून द्या. आणि ॲम्प्लिफायर, कॉम्प्युटर, दोन्ही एकाच बोर्डावर लावून बघू."

"वहिनी, वीस वर्षं मी हेच करतोय."

"तुम्ही अख्खी घरं करता. मी नुसत्या काळ्या वायरी करते."

नणंद खोऽ खोऽ हसली. दाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली दुकानातून टॉप, म्हणजे वायरीच्या टोकाचा प्लग, घेऊन आले आणि बसवला. आधी जुन्याच जागी लावलं. हुंऽऽ परत आला. मग कॉम्प्युटरचं टेबल आम्ही समोरच्या भिंतीला सरकवलं. मुलगी कुरकुरली, तिचा खिडकीचा उजेड गेला. दोन्ही पिना एकाच बोर्डात घातल्या.

हुंऽऽ नाहीच. हे उठले, स्पीकरच्या कापडाला उजवा कान लावला. मग डावापण लावला. "अगदी जवळ गेलं तर जरासं आहे," म्हणाले, "पण तेवढं चालतंय." बासरी लावली आणि त्या माल घेणाऱ्याला फोन केला, येऊ नका म्हणून.

नणंद म्हणाली, "वहिनींना तुमच्या हाताखाली ठेवा की."

"हाताखाली? त्याच मला ठेवतील," दाजी म्हणाले. जाताना मला विचारून घेतलं, ते काळ्या वायरींचं परत एकदा सांगा.

सेट राहिला, त्यामुळे अठराच्या अठरा हजार द्यायचे राहिले. मी ओव्हरटाइम धरला. महिन्याला दीड हजार. दोनदा चुकले, तर पुढच्या महिन्यात जोडून दिले. परवा चऱ्होलीला त्यांच्या घरी जाऊन शेवटचे दीड हजार मी स्वतः दाजींच्या हातात ठेवले. त्यांनी न मोजता खिशात घातले आणि म्हणाले, "फिटले, वहिनी. सगळे फिटले."