साजगावच्या नागूची जीभ

साजगावच्या नागूची जीभ अशी की समोरच्याची सालं काढावीत आणि वर मीठ चोळावं. पण पाताळगंगेवर एकट्या माणसाचं होडकं त्याच्यासारखं कुणाला हाकता येत नव्हतं, म्हणून लोक ऐकून घेत. हातात कला असली की तोंडाला सगळं माफ.

त्रेचाळीस साली नागूचा जावई कान्हा, कडावचा भातशेतकरी, याच्या मांडीत बैलानं शिंग खुपसलं आणि त्याचा नांगर कायमचा सुटला. बायको पारूला घेऊन तो सासऱ्याच्या दारी आला. बसल्या जागी जमेल असं एकच काम तिथं होतं, होडक्यातून गळ टाकायचं. आणि कान्हाला गुडघाभर पाण्याचीही धास्ती.

शिकवण्यात नागूनं कसूर केली नाही, हे कबूल करायला हवं. आठ दिवस त्यानं काठ सोडू दिला नाही.

"पावणं, उबं रायचं नाय, गुडघं होडक्याच्या तळाला टेकवा. गळाचा दोर हाताला गुंडाळायचा नाय, मासा गेला तं गेला. आन् तो काळा दगड बुडाला म्हंजी वरच्या वीजघराचं पानी आलं, लगोलग काठ गाठा."

पोहायला शिकणाऱ्या पोरांना बांधतात तसा सुका भोपळा त्यानं स्वतः जावयाच्या पाठीला बांधला. त्या पायानं पोहणं होणार नव्हतं. होडकं उलटलं तर जीव त्या भोपळ्यावरच होता.

नवव्या दिवशी कान्हानं हातभर मासा काढला. चार माणसांत त्याला शाबास म्हटलं असतं तर नागूचं काय बिघडलं असतं? पण धुण्याच्या दगडांवर बाया जमलेल्या, आणि याच्या जिभेला खाज. त्यानं जावयाच्या पाठीवरच्या भोपळ्यावर टिचकी मारली.

"बगा गं, आमच्या जावयाला फळ धरलंय! येल मातर सासऱ्याच्या दारात रुजलाय!"

बाया खदाखदा हसल्या. पारूही हसली, पदर तोंडाला लावून. कान्हानं पाहिलं ते फक्त तिच्याकडे.

दुसऱ्या दिवशी कान्हा भोपळा घरीच ठेवून निघाला. नागूनं ते पाहिलं. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. गडी तयार झाला, असं म्हणून त्याला मनातून बरंही वाटलं.

घटकाभरानं होडकं पालथं वाहत आलं. कान्हा खालच्या डोहात सापडला. दोर हाताला गुंडाळलेला नव्हता. बाकी सगळं त्यानं सासऱ्याच्या सांगण्याबरहुकूम केलं होतं.

कडावहून त्याची आई गौराबाई आली.

"माजा कान्हा पान्याला भ्यायचा वो. तुमी काय बांदलं नाय त्याला?"

"भोपळा दिला व्हता," नागू म्हणाला. "सांगून सांगून थकलो. ऐकलं नाय त्यांनी."

काठावरच्या बाया खाली बघू लागल्या. गौराबाई सुनेकडे वळली. "खरं गं, पारू?"

पारूनं बापाकडे पाहिलं. "व्हय आत्याबाई. कुनाचं ऐकलं नाय."

नागूला हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटलं हेही त्याला कळलं.

गौराबाई लेकाशेजारी बसली. त्याच्या ओल्या गालावर तिनं एक चापट मारली.

"लहानपनापासनं असाच रं तू," ती म्हणाली. "सारी चूक तुजीच."