खुणेचे भांडे

"भांडं घराबाहेर जायचं असलं, की खूण करून पाठवावं," असे ताई म्हणत, आणि म्हणता म्हणताच नखपॉलिशच्या बाटलीचे झाकण दातांनी फिरवून उघडत. दुसऱ्या हातात डबा असे, म्हणून दात. रंग नेहमी लाल. स्वतःच्या नखांना तो त्यांनी कधी लावल्याचे मी पाहिले नाही.

भिशीला निघालेला डबा, शेजारच्या लग्नाला दिलेले पातेले, गिऱ्हाइकाच्या साडीची पिशवी, सगळ्यांना कुठेतरी आतून वा खालून एक ठिपका लागे. तुमच्याही आळीत अशी एखादी बाई असेल. ताईंच्या बाबतीत फरक एवढाच, की ही सवय त्यांनी उंबरठ्याशी थांबवली नाही.

पंचवटीत त्यांचे पिको-फॉलचे लहानसे दुकान होते. लहानपणीच्या पोलिओने दोन्ही पाय अधू झालेले. शिवणयंत्राच्या मोटरचे पॅडल त्या टेबलावर ठेवीत आणि कोपराने दाबीत. यंत्र भरधाव चालू असतानाही त्यांचे बोलणे थांबत नसे. आपल्यालाच ओरडून उत्तर द्यावे लागे.

मी ज्या संस्थेत काम करतो, ती तेव्हा परदेशी देणगीतून अपंगांना तीनचाकी सायकली आणि चाकाच्या खुर्च्या देत असे. वाटपाच्या समितीत एक अपंग व्यक्ती आणि एक स्त्री असावी, असा देणगीदारांचा नियम होता. पहिल्या बैठकीत ताईंनी कुबड्या भिंतीला टेकवल्या आणि म्हणाल्या, "अपंगाच्या जागी मी, बाईच्या जागी पण मीच. चला, तुमचा एक चहा वाचला."

मी बोलण्याच्या ओघात 'दिव्यांग' हा शब्द वापरला.

"दिव्य कसलं डोंबलाचं? लंगडी म्हणा हो भाऊ. त्या हाकेला मी पटकन ओ देते."

पहिले वाटप नाशिकमधल्या एका मंगल कार्यालयात होते. पाहुणे येण्यापूर्वीच ताई फरशीवर बसल्या आणि सरकत सरकत प्रत्येक सायकलीच्या सीटखाली लाल ठिपका देऊ लागल्या. सायकलींचा पुरवठादार मोठा हसतमुख गृहस्थ होता. भेटला की आधी ताईंच्या पाया पडायचा.

"काय मावशी, सायकलींना मेंदी लावताय?"

"लावते की. सासरी चालल्यात. परत माहेरी यायला नकोत."

सगळे हसले. पुरवठादारही हसला. मीही हसलो, मला तो केवळ विनोद वाटला होता.

त्याच सुमारास सिन्नरकडच्या एका खेड्यातली बाई आपल्या मुलीला पाठीवर घेऊन दुकानात आली. मुलीची मान ठरत नव्हती. तयार खुर्ची तिला चालणार नव्हती. पाठीला, मानेला आधार देणारी, तिच्या मापाची हवी होती. ताईंनी गळ्यातली टेप काढली आणि ब्लाउजचे माप घ्यावे तशी मापे घेतली.

"हस की गं राणी. नवरीसारखी बसवते बघ तुला."

मुलगी हसली. तिचे हसू साऱ्या अंगातून येई. आईला तिला दोन्ही हातांनी सावरावे लागले.

"वाढतीये ताई," आई म्हणाली. "आता उचलवत नाय."

पुढच्या खेपेला खुर्ची नक्की, असा ताईंनी शब्द दिला. मी शेजारी बसून मान डोलावली.

पुढचे शिबिर ओझरला होते. आधी सायकली वाटायच्या आणि मागोमाग मापाच्या खुर्च्या यायच्या, असे ठरले होते. सायकली रांगेने उभ्या होत्या, मुठींवर कोरे प्लास्टिक. ताईंनी बाटली उघडली, एका सीटखाली हात घातला आणि तो तिथेच थांबवला.

"भाऊ, जरा खाली बसा."

मी गुडघे टेकून वाकलो. सीटखाली लाल ठिपका होता, वाळलेला. शेजारच्या सीटखालीही होता.

"आल्या माहेरी," ताई म्हणाल्या. या वेळी कोणी हसले नाही.

प्रकार साधा होता. पहिल्या शिबिरात पुरवठादाराने काही माणसे फोटोपुरती आणली होती. फोटो झाला, सायकली मागच्या दाराने टेम्पोत चढल्या, आणि आता त्याच नव्या म्हणून आम्हाला पुन्हा विकल्या जात होत्या.

परतताना गाडीत मी विचारले, "ताई, देणगीदारांना कळवलं तर कदाचित सगळंच थांबेल. त्या पोरीची खुर्ची येईपर्यंत गप्प राहायचं का?"

ताईंनी हातातल्या बाटलीचे झाकण घट्ट फिरवले. मग म्हणाल्या, "मलाही तेच वाटत होतं. पण तिची खुर्चीसुद्धा फोटोपुरतीच आली तर? लिहा तुम्ही."

मी लिहिले. त्या पत्रात एकही शब्द खोटा नव्हता.

देणगीदारांकडून दोघे जण आले. त्यांनी ठिपक्यांचे फोटो काढले, ताईंचाही काढला. अशी दक्षता सर्वांनी आदर्श मानावी, असे म्हणाले. त्यानंतर त्यांचे उत्तर आले. गैरव्यवहार मुळीच खपवून घेतला जाणार नाही, आणि म्हणून चौकशी पूर्ण होईपर्यंत या जिल्ह्यातली सारी मदत स्थगित. ती चौकशी अजून पूर्ण झालेली नाही. पुरवठादार दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या नावाने काम करतो, असे कानावर येते. हसतमुखच असेल.

सिन्नरची बाई पुन्हा आली तेव्हा मी दुकानात होतो. "ताई, खुर्ची कधी?" तिने विचारले. ताईंनी तिला सारे सांगितले, काहीही न लपवता. तिने नीट ऐकून घेतले.

"बरं केलं चोर धरला ते," ती म्हणाली. पाठीवरच्या मुलीला जरा वर सरकवून घेत ती थांबली. "पन ताई, आमी काय चोरलं व्हतं?"

ताईंचे कोपर पॅडलवरून उचलले गेले. ताई खाली मान घालून सुईत आधीच ओवलेला दोरा पुन्हा ओवू लागल्या.

त्यानंतर आम्ही दोघे पुष्कळ दारी गेलो. कोणी प्रस्ताव पाठवा म्हणाले, कोणी पुढच्या वर्षी बघू म्हणाले. एका ठिकाणी तयार खुर्ची मिळाली. तिच्यात बसवताच मुलीची मान एका बाजूला कलंडली, आणि ती खुर्ची आम्ही परत केली. शेवटी ताईंनी जुन्या जीन्सच्या कापडाची एक झोळी शिवली. रुंद पट्टे, आत कापसाचे अस्तर, म्हणजे आईच्या खांद्याला ते काचू नयेत. ती झोळी बांधून बाई रस्त्याने दिसेनाशी झाली, की ताई म्हणत, "पोर वाढतीये हो भाऊ." दर वेळी एवढेच.

ते पत्र मी अजूनही मनात उघडून वाचतो. आपले नेमके कुठे चुकले, ते शोधतो. चूक सापडत नाही. सापडली असती, तर निदान पश्चात्ताप करता आला असता.

गेल्या हिवाळ्यात ताई न्यूमोनियाने गेल्या. दुकान रिकामे करायला सटाण्याहून त्यांची भाची आली होती. यंत्राखाली सापडलेली एक वस्तू तिने माझ्यापुढे धरली. "हे कुणाचं ते कळेना काका. पिशवी म्हणावं, तर पट्टे केवढे रुंद!"

मला कळले. झोळीच होती, पहिलीपेक्षा बरीच मोठी. पुरी शिवून झालेली.

ती घेऊन मी सिन्नरकडच्या त्या खेड्यात गेलो. बाईने अंगणात उभ्यानेच झोळी उलटसुलट करून पाहिली. आतल्या शिवणीशी तिचे बोट थांबले.

"ह्यो कसला डाग, दादा?"

"डाग नाही. खूण आहे. ताईंची."

"कशाची खूण?"

मी झोळीचे पट्टे सरळ करून तिच्यापुढे धरले. खाली बसून तिने पट्टे खांद्यांवर घेतले, मुलीला पाठीशी बांधले आणि भिंतीला हात लावून उठू लागली. पहिल्या खेपेला तिला उठवले नाही. मी हात पुढे केला, पण तोवर ती दात आवळून उभी राहिली होती. मुलीचे पाय आता आईच्या गुडघ्यांच्याही खाली लोंबत होते.